जिनिंगच्या आवारात वॉकीटॉकी : परवाना कशाला लागतो आणि कशाला नाही

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही उपयोग होईल. हिंगणघाटजवळ तुमची जिनिंग-प्रेसिंग आहे, आवार बारा एकरांचं. वजनकाटा गेटपाशी, कापसाच्या गंज्या मागच्या बाजूला, मधे जिनचं शेड. मशीन चालू असताना मोबाइलची रिंग कोणालाच ऐकू येत नाही, म्हणून तुम्ही ऑनलाइन सहा वॉकीटॉकी मागवले. दोन-दोन हजारांचे, खोक्यावर ‘दहा किलोमीटर रेंज’ छापलेले. आता एक व्यापारी मित्र म्हणतो याला परवाना लागतो, विकणारा म्हणतो लागत नाही. शिवाय वणा नदीपलीकडे चार किलोमीटरवर तुमचं शेत आहे. तिथे रात्री रानडुकरांपायी जागलीला माणूस असतो, त्याच्याशीही बोलता यावं अशी इच्छा आहे.

मी चोवीस वर्षं वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर या पट्ट्यात हेच काम करतो. सेट बसवतो, दुरुस्त करतो, परवान्याचे अर्ज भरून देतो. तुमचं उत्तर मला खोक्यावरच्या आकड्यांवरूनच कळलं, पण ते नीट समजावून सांगतो, कारण यात चुकीचं पाऊल पडलं तर ऐन हंगामात सेट जप्त होतात.

आधी तुमच्या हातातल्या सहा सेटचं बघू. एक सेट घ्या, मागची बॅटरी सरकवून काढा. बॅटरीच्या खालच्या खाचेत एक छोटं स्टिकर असतं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत त्यावर १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्‌झ, पाच वॅट, असं लिहिलेलं आहे. म्हणजे हा सेट या दोन्ही पट्ट्यांत कुठेही लावता येतो, कीपॅडवर आकडे दाबून. पोलीस, वन विभाग, खाणी, विद्युत केंद्रं यांच्या कितीतरी फ्रिक्वेन्सी याच पट्ट्यांत येतात. असा सेट विनापरवाना वापरता येत नाही, आणि जवळ बाळगण्यालाही परवानगी लागते. ही गोष्ट आजची नाही. १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा, या दोघांवर ही व्यवस्था उभी राहिली, आणि १९३३ च्या कायद्याचा सगळा रोखच परवान्याशिवाय बिनतारी यंत्र जवळ ठेवण्यावर आहे. आता त्यांची जागा २०२३ चा दूरसंचार कायदा घेतो आहे, त्यातली बरीच कलमं जून २०२४ पासून लागू झाली. कायदा बदलला तरी मूळ तत्त्व तेच राहिलं: हवेतली फ्रिक्वेन्सी सरकारच्या ताब्यातली आहे, तुम्हाला ती वापरायला मिळते.

विकणारा ‘परवाना लागत नाही’ म्हणतो, त्यातही एक अर्धं सत्य आहे, आणि गोंधळ तिथेच होतो. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ ही एवढीशी चिंचोळी पट्टी कमी ताकदीच्या हातातल्या सेटसाठी परवानामुक्त आहे. या पट्टीसाठी बनवलेले सेट बाजारात मिळतात. ते साधारण अर्ध्या वॅटचे असतात, चॅनेल कंपनीतूनच बांधलेले येतात, अँटेना अंगचीच असते. असा सेट दुकानातून आणायचा, चालू करायचा आणि बोलायचं, अर्ज नाही, वार्षिक फी नाही. पण काही जण काय करतात, तुमच्यासारखा पाच वॅटचा सेट घेतात आणि त्यावर ४४६ चे आकडे टाकून म्हणतात, झाला परवानामुक्त. तसं होत नाही भाऊ. सूट आकड्याला नाही, त्या पट्टीपुरत्या आणि त्या ताकदीपुरत्या बनलेल्या यंत्राला आहे. जो सेट दोन बटणं दाबून पोलिसांच्या चॅनेलवर जाऊ शकतो तो त्या सवलतीत बसत नाही.

दुसरा शब्द तुम्हाला विकणारे फेकतील तो म्हणजे ईटीए. इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल. हे प्रमाणपत्र दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून मिळतं आणि ते त्या मॉडेलला असतं, तुम्हाला नसतं. ४४६ च्या सेटला ईटीए असलं की काम झालं, कारण तिथे तुमच्या परवान्याची गरजच नाही. पण व्हीएचएफ किंवा यूएचएफच्या, म्हणजे तुमच्या स्टिकरवरच्या त्या दोन पट्ट्यांच्या, मोठ्या सेटला ईटीए असलं तरी तुमचा परवाना वेगळा लागतोच. ट्रॅक्टर कंपनीने पास करून घेतला म्हणून तुमच्या ट्रॅक्टरला नंबर प्लेट लागत नाही असं नाही ना, तसंच हे. तुमच्या स्टिकरवर तर ईटीएचा क्रमांकही दिसत नाही.

म्हणून हे सहा सेट आजपासून बंद करा, बॅटऱ्या काढून कपाटात ठेवा. ओएलएक्सवर टाकून दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका. अशा यंत्राची खरेदी-विक्रीही परवान्याच्या चौकटीत येते, आणि उद्या ते कुठे सापडलं तर बिल तुमच्या नावाचं निघेल. विकणाऱ्याला लेखी कळवा की तुम्ही परवान्याची माहिती न देता हे विकलं, पैसे परत करा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये ऑनलाइन वॉकीटॉकी विक्रीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. फ्रिक्वेन्सी, परवाना लागतो की नाही, ईटीए आहे की नाही, हे सगळं विकणाऱ्याने आधी उघड केलं पाहिजे असा त्यांचा आशय आहे. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवा. बिल आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

हे इतकं ताणून सांगतोय कारण मी नुकसान डोळ्यांनी पाहिलं आहे. भंडाऱ्याकडच्या एका राइस मिलने नागपुरातून जुने सेट घेतले होते, दिसायला भक्कम, आवाजही छान. पण सेटमध्ये आधीच्या मालकाच्या फ्रिक्वेन्सी तशाच होत्या. मिलचा मुकादम ‘पोते किती झाले रे’ म्हणून ओरडायचा ते दुसऱ्याच एका प्रकल्पाच्या कामाच्या चॅनेलवर ऐकू जायचं. त्यांनी तक्रार केली, सेट सील झाले, आणि धान भरडाईच्या ऐन दिवसांत मिलमालक जबाब देत फिरत होता. त्याचा हेतू वाईट नव्हता, फक्त कोणी त्याला सांगितलं नव्हतं. गडचिरोलीकडे तर असा अनोळखी सेट सापडला की प्रकरण आणखी गंभीरपणे घेतलं जातं, आणि ते तिथल्या परिस्थितीत योग्यच आहे. तुमचे ड्रायव्हर कापसाच्या गाड्या घेऊन तिकडे जात असतील तर सेट गाडीत राहून जाणार नाही एवढं बघा.

आता अंतराचं. खोक्यावरचा दहा किलोमीटर हा आकडा कुठून येतो ते समजलं की तुम्ही पुन्हा फसणार नाही. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे दोन माणसं सपाट जमिनीवर दीड-दीड मीटर उंचीवर सेट धरून उभी असतील तर रेडिओ लहरींचं क्षितिज हिशेबाने दहा किलोमीटरच्या आसपास निघतं. मधे काहीच नसलं तर, म्हणजे झाड नाही, घर नाही, तूर नाही. आपल्याकडे आश्विनात तूर माणसाच्या डोक्यावर जाते. कपाशीच्या ओल्या पानांतून, पळाटीच्या ढिगातून, बाभळीच्या धुऱ्यातून, म्हणजे बांधावरून, लहर जाताना खर्ची पडते. मी ४४६ चे सेट घेऊन वणेच्या काठाने, बोर नदीच्या खोऱ्यात, राळेगावकडे चाललो आहे. उघड्या रानात दीड-दोन किलोमीटर, उभ्या पिकात एक, आणि वस्तीत त्याहून कमी, एवढंच मी धरून चालतो.

मग पाच वॅट घेतले तर? इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. जमिनीलगत चालणाऱ्या लहरीची ताकद अंतराच्या चौथ्या घाताने कमी होते असा ढोबळ नियम आहे. म्हणजे अर्ध्या वॅटवरून पाच वॅटवर गेलात, ताकद दहापट केली, तरी अंतर वाढतं ते जेमतेम पावणेदोन पट. उलट एका बाजूची अँटेना दीड मीटरवरून बारा मीटरवर, म्हणजे ऑफिसच्या गच्चीवरच्या पाइपवर नेली, तर त्याच नियमाने अंतर जवळजवळ तिप्पट होतं. वॅट वाढवून जे मिळत नाही ते उंचीने मिळतं. आपले जुने लोक मचाण बांधून जागल करायचे ते नजर लांब जावी म्हणून, रेडिओचंही तसंच आहे.

तुमच्या आवारात अंतर हा प्रश्नच नाही. बारा एकर म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीन-साडेतीनशे मीटर. तिथे अडचण टिनाची आणि गाठींची आहे. टिनाचं शेड लहरीला भिंतीसारखं अडवतं. १७० किलोच्या गाठींची थप्पी सहा-सात थर उंच लागली की तिच्या मागे आवाज तुटतो. म्हणून खरेदीआधी एक काम करा. ज्याच्याकडून घ्यायचे त्याला दोन सेट घेऊन बोलवा. मशीन चालू असताना एक माणूस काट्यावर उभा करा, दुसऱ्याला प्रेसच्या मागे, गाठींच्या गोदामात, पाण्याच्या टाकीपाशी, गंज्यांच्या पलीकडे फिरवा. प्रत्येक जागी आकडे मोजायला लावा, एक ते दहा. जिथे आकडा गळाला ती जागा कागदावर मांडा. तीन-चार पावलं सरकून पुन्हा मोजा, कारण यूएचएफ लहर दारातून, खिडकीतून, दोन शेडच्या बोळातून आत शिरते आणि पाऊलभर अंतराने चित्र बदलतं. अर्धा तास लागेल, पण पुढची पाच वर्षं पस्तावा होणार नाही.

माझा अनुभव सांगतो की तुमच्यासारख्या बहुतेक जिनिंगना अर्ध्या वॅटचे परवानामुक्त सेट पुरतात. काटा, ग्रेडर, जिन फिटर, प्रेस, गंजीवरचा मुकादम आणि गेट, असे सहा. तुम्हाला परवान्याची भानगडच नको असेल तर आवारासाठी हेच घ्या.

चार किलोमीटरवरचं शेत मात्र त्यात बसणार नाही, ते स्पष्ट सांगतो. तिथे तीन मार्ग आहेत. शेतात मोबाइलला सिग्नल असेल तर साधा बटणाचा फोन सगळ्यात बरा. सिम टाकून चालणारे वॉकीटॉकीसारखे सेटही मिळतात, बटण दाबलं की नेटवरून आवाज जातो, नागपूर-मुंबईलाही जातो. पण टॉवर बंद पडला की तो सेट म्हणजे नुसता डबा, आणि आपल्याकडे मृगाच्या पहिल्या वादळात लाइन जाते, मागोमाग टॉवर जातो, हे तुम्हाला माहीत आहे. तिसरा मार्ग परवान्याचा: ऑफिसच्या गच्चीवर अँटेना, खाली बेस सेट, शेतावर पाच वॅटचा हातातला सेट. बारा मीटरची अँटेना असेल तर चार किलोमीटर आरामात निघावं. जागलीच्या दोन माणसांना एकमेकांशी बोलायचं असेल, धुऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, तर तिथेही परवानामुक्त जोडी चालते. एकटा माणूस अंधारात डुकरामागे धावत जातो तेव्हा दुसऱ्याला कळलेलं बरं, हे मी फार मनापासून सांगतो. जंगलालगत असाल तर त्याहून जास्त.

परवान्याचा मार्ग घेतलात तर अर्ज सरल संचार या सरकारी पोर्टलवर होतो, दिल्लीच्या फेऱ्या मारायची गरज नाही. फर्मची कागदपत्रं, पॅन, जागेचे अक्षांश-रेखांश, किती सेट, किती वॅट, अँटेना किती उंच, आणि फ्रिक्वेन्सी कशासाठी हवी याचं कारण. कारण लिहिताना ‘संपर्कासाठी’ एवढंच लिहू नका. अग्निसुरक्षा, यंत्रं थांबवण्याचे संदेश, वाहनांची ये-जा, असं कामाचं लिहा. अर्ज छाननीत टिकला की फ्रिक्वेन्सी देण्याबद्दलचं निर्णयपत्र येतं, मग रॉयल्टी आणि फी ऑनलाइन भरायची, त्यानंतर परवाना. रॉयल्टी दरवर्षीची असते आणि सेटची संख्या, चॅनेल, क्षेत्र यांवर ठरते, त्यामुळे गरजेपेक्षा एक चॅनेलही जास्त मागू नका. उंच खांबावर कायमची अँटेना लावायची तर जागेच्या मंजुरीचा, म्हणजे सॅकफाचा, वेगळा विषय येतो. आणि सेट विकत घ्यायची घाई निर्णयपत्र यायच्या आधी करू नका. फ्रिक्वेन्सी कोणती मिळते ते कळल्याशिवाय घेतलेला सेट कपाटात पडून राहतो. परवान्यावर जी जागा आणि जितके सेट लिहिलेले, तेवढंच चालतं. दुसऱ्या तालुक्यात नवी जिनिंग घेतली म्हणून चार सेट तिकडे पाठवले, हे चालत नाही.

हॅम रेडिओचा परवाना काढून त्यावर धंद्याचं बोलता येईल का, असं दर हंगामात कोणीतरी विचारतं. नाही. हॅम हा छंद आणि अभ्यासासाठी आहे, त्यावर कापसाचे भाव आणि गाडी नंबर बोलायला मनाई आहे.

सेटच्या गुणांकडे येतो. डिजिटल की अॅनालॉग, हा मोठा प्रश्न नाही. सहा माणसांसाठी अॅनालॉग पुरे. परवाना घेऊन वीसेक सेट चालवायचे असतील तर डीएमआर, म्हणजे डिजिटल मोबाइल रेडिओ, बघा. त्यात साडेबारा किलोहर्ट्‌झच्या एकाच चॅनेलवर वेळ वाटून दोन संभाषणं चालतात, आणि कडेच्या अंतरावर खरखर न होता आवाज स्वच्छ राहतो. फक्त हद्द ओलांडली की तो एकदम बंद होतो, अॅनालॉगसारखा आधी खरखरून सूचना देत नाही.

‘प्रायव्हसी कोड’ म्हणून जे विकतात त्याने गुप्तता मिळत नाही. बोलण्याखाली एक बारीक सूर सोडलेला असतो, ६७ ते २५४ हर्ट्‌झच्या दरम्यानचा. तुमचा सेट तो सूर ओळखून उघडतो आणि शेजारच्या जिनिंगचं बोलणं तुमच्या कानावर येत नाही, एवढंच. तुमचं बोलणं मात्र त्या चॅनेलवर कोणीही ऐकू शकतो. रोकड किती निघाली, कोणत्या गाडीत, हे सेटवर कधीच बोलू नका.

जिनिंगसाठी मी तीन गोष्टी आग्रहाने बघतो. बोलताच आपोआप सुरू होण्याची सोय बंद ठेवता आली पाहिजे, नाहीतर डबल रोलरच्या घरघरीनेच सेट बोलायला लागतो. टाइमआउट असला पाहिजे, साठ सेकंदांचा. हमाल सेट खिशात घालून गाठीवर बसतो, बटण दाबलं जातं आणि सगळ्यांचं चॅनेल अडतं, तेव्हा तो सेट स्वतःहून गप्प झाला पाहिजे. आणि कॉलरला लावायचा वेगळा माइक. रुईचे तंतू स्पीकरच्या जाळीत नमद्यासारखे बसतात, सेट कमरेला झाकलेला राहिला तर कमी बसतात. दर शनिवारी मऊ ब्रशने जाळी साफ करा, हवेच्या नळीने फुंकू नका, तंतू आत जातात. धूळ-पाण्यासाठी आयपी ५४ पुरतो, आयपी ६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकणारा, तो आवारात लागत नाही. चार्जर मात्र जिनच्या खोलीत ठेवू नका, ऑफिसातच ठेवा, आणि बॅटरीही तिथेच बदला, जिथे रुई उडत नाही. ज्यांचं काम भूमिगत कोळसा खाणीत किंवा पेट्रोलच्या डेपोत आहे त्यांना ठिणगी न पडणारे खास प्रमाणित सेट लागतात. तिथे खाण सुरक्षा महासंचालनालय किंवा नागपुरात मुख्यालय असलेली पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची सरकारी संस्था, यांचे नियम लागतात, साधा सेट नेऊच नये.

बॅटरीचा आपल्याकडचा शत्रू मे महिना आहे. बाहेर ४६ अंश असताना जीपच्या काचेमागे ठेवलेली लिथियम बॅटरी फुगते. फुगलेली दिसली की दाबून बसवू नका, बाजूला काढा. हंगाम संपला की अर्धी चार्ज करून, सेटमधून काढून, थंड खोलीत ठेवा.

शेवटी बोलण्याची पद्धत, कारण सेट कितीही चांगला असला तरी माणसाचा जीव शब्दावर असतो. बटण दाबल्यावर सेट उठायला क्षणभर घेतो. लगेच बोललं तर पहिला शब्द गिळला जातो. आणि घाईत बटण लवकर सोडलं की शेवटचा शब्द तुटतो. आता आपली मराठी बघा. ‘प्रेस चालू करू नका’ या वाक्यात ‘नका’ शेवटी आहे. बटण जरा आधी सुटलं की पलीकडे ऐकू जातं, ‘प्रेस चालू करू’. ‘नका चालू करू’ असं उलटं म्हटलं तर ‘नका’ सुरुवातीला गिळलं जाऊ शकतं. पट्ट्याजवळ हात घातलेला माणूस असतो तेव्हा. म्हणून थांबवायचं असेल तर ‘नका’ हा शब्दच वापरायचा नाही. ‘बंद, बंद, प्रेस बंद’, एवढंच म्हणायचं, आणि पलीकडच्याने ‘प्रेस बंद’ असं परत बोलून दाखवल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. आग दिसली तर ‘आग’ दोनदा, मग जागेचं नाव, बाकी सगळ्यांनी बटणावरून बोट काढायचं. गंज्यांना आजच रंगाने नंबर टाका, म्हणजे ‘तिकडच्या गंजीला’ असं कोणी म्हणणार नाही.

हे दिवाळीआधी करून घ्या. कापसाच्या पहिल्या गाड्या लागल्या की कोणालाच शिकायला वेळ नसतो. दोन दिवस सकाळी पंधरा-पंधरा मिनिटं, काट्यावरच्या पोरापासून प्रेसच्या फिटरपर्यंत सगळ्यांना सेट हातात देऊन ‘बंद, बंद, प्रेस बंद’ हे वाक्य म्हणायला लावा. नवीन सेटचं मॉडेल ठरलं की बॅटरीखालच्या स्टिकरचा फोटो मला पाठवा, पैसे द्यायच्या आधी.